रेडिएशननंतर आईचा रिपोर्ट स्वच्छ आलाय. आता वर्षातून एक पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन करायची तपासणी) केली की पुरे ना?

नाही, तेवढ्यावर राहू नका. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी मीही बाहेरून शेक (म्हणजे रेडिएशन), आतून शेक आणि केमो असं सगळं घेतलंय. त्याला आता चार वर्षं झाली.

शेक लागलेल्या पेशी दिसायलाच बदलतात, त्यामुळे पॅप स्मिअर वाचणं अवघड जातं. कधी उगाच घाबरवणारा रिपोर्ट येतो, आणि स्वच्छ आला तरी त्यावर विसंबता येत नाही. खरा भरवसा डॉक्टरांच्या आतल्या तपासणीवर आणि आई स्वतः काय सांगते त्यावर. हा आजार उलटलाच तर बहुधा पहिल्या 2-3 वर्षांत. म्हणून साधारणपणे पहिली 2 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी बोलावतात, पाचव्या वर्षापर्यंत 6 ते 12 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. उपचारानंतर 3 ते 6 महिन्यांत बहुतेकदा एक पेट स्कॅन (PET, कॅन्सर कुठे उरलाय का हे दाखवणारा स्कॅन) करतात.

आजार उलटण्याची शक्यता किती, हे स्टेज, गाठीचा आकार आणि लसिका ग्रंथींवर ठरतं. ते आईच्या डॉक्टरांनाच विचारा.

अंगावरून रक्त किंवा घाण वास येणारं पाणी जाणं, कंबरेतून पायात उतरणारी कळ, एकाच पायाला सूज, न थांबणारा खोकला, कारण नसताना वजन उतरणं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आजार ओटीपोटातच असताना सापडला तर काही जणींना पूर्ण बरं होण्याची संधी अजूनही असते. आधी फक्त ऑपरेशन झालं असेल तर शेक देता येतो. शेक झाला असेल तर निवडक रुग्णांत मोठं ऑपरेशन करतात.

चौदाव्या महिन्यात मला कपड्यावर रक्ताचा डाग दिसला. अकरा दिवस अंगावर काढले, रात्र रात्र जागले. दुर्बिणीतून पाहिल्यावर कळलं, शेकामुळे गुदाशयाच्या आतल्या अस्तराला इजा झाली होती, रक्त तिथलं होतं. कॅन्सर नव्हता. असं महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं, पण ते ठरवायचं तपासणीनं.

डायलेटर (योनीमार्ग आवळू नये म्हणून आत घालायची नळी) दिला असेल तर आईला तो वापरायला सांगा. योनीमार्ग आवळला की आतली तपासणीच नीट होत नाही. लाज वाटते, मलाही वाटली.

आणि तपासणीला गेलात की पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. त्या डागाचं मला माझी लेक खोलीबाहेर गेल्यावरच बोलता आलं.