लीज संपतेय, दुकान ठेवायचं का?

प्रश्न : ताई, माझे सासरे न्यू जर्सीत, पसेइकमध्ये, 21 वर्षं डॉलर स्टोअर, म्हणजे जवळपास सगळं एक डॉलरला विकणारं दुकान, चालवतात. वय 69. सासूबाई रजिस्टरवर बसायच्या, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. येत्या जूनअखेर लीज संपतेय आणि लँडलॉर्ड पुढच्या पाच वर्षांसाठी सही मागतोय. गिऱ्हाईक कमी झालंय हे आम्हाला दिसतं. माझे मिस्टर म्हणतात, "बाबा, आता बंद करा." त्यावर ते दोन-दोन दिवस बोलत नाहीत. परवा म्हणाले, "माझं कुठे चुकलं ते सांगा, मग बंद करतो." त्यांना काय सांगावं? – एक सून, न्यू जर्सी

उत्तर : त्यांचं काहीही चुकलेलं नाही. हे त्यांना आजच सांगा, आणि तुम्ही नाही, तुमच्या मिस्टरांनी सांगायला हवं. मुलाच्या तोंडून "बंद करा" ऐकलंय, तर हेही मुलाच्याच तोंडून ऐकू दे.

मी आणि ह्यांनी पर्थ अ‍ॅम्बॉयला स्मिथ स्ट्रीटवर 1999 ते 2018 डॉलर स्टोअर चालवलं. त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचा दिवस कसा जात असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते. दर मंगळवारी पहाटे व्हॅन घेऊन मॅनहॅटनला, ब्रॉडवेच्या 28 व्या रस्त्याजवळच्या होलसेलवाल्यांकडे. डझनाचे भाव तोंडपाठ. एक डॉलरला विकायची वस्तू आम्हाला 60-65 सेंटला पडायची. उरलेल्या 35-40 सेंटमध्ये भाडं, लाइट, कामाला ठेवलेल्या मुलीचा पगार, फुटलेले कप आणि चोरी. पैसे थोडे, पण उलाढाल मोठी, आणि मधूनच एखादा क्लोजआउटचा, म्हणजे कंपनीने स्वस्तात काढून टाकलेला, माल मिळायचा. कंपनीने लेबल बदललं म्हणून जुन्या बाटलीतला शाम्पू 25 सेंटला! तसा एक लॉट मिळाला की महिन्याचं भाडं सुटायचं. छोट्या दुकानाचा श्वास त्या क्लोजआउटवर होता. पुढे मोठ्या साखळ्याच, म्हणजे ठिकठिकाणी दुकानं असलेल्या कंपन्याच, असा माल ट्रकने उचलायला लागल्या आणि आमच्यापर्यंत उरलंसुरलं यायला लागलं.

गणित बिघडलं ते इथून. त्या साखळ्या चीनमधून कंटेनर थेट मागवतात. आपण मागवायचो होलसेलवाल्याकडून, त्याला माल द्यायचा इम्पोर्टर, म्हणजे एका डॉलरच्या कपात तिघांचा नफा. शिवाय साबणाच्या मोठ्या कंपन्या साखळ्यांसाठी खास छोटे पॅक काढतात. गिऱ्हाइकाला वाटतं तिथे स्वस्त आहे. बाटली उलटी करून औंस कोण वाचतो? तुमचे सासरे वाचत असतील, मी वाचायचे आणि जीव जळायचा. मोठ्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव देऊन छोट्याला मारू नये यासाठी अमेरिकेत 1936 पासून रॉबिन्सन-पॅटमन नावाचा कायदा आहे. पण कित्येक दशकं सरकारने तो जवळपास वापरलाच नाही. आमची पिढी दुकानं चालवत होती ती याच काळात.

आता चुकीबद्दल. डॉलर ट्री या डॉलर स्टोअरच्या साखळीने 2021 च्या अखेरीस एक डॉलरचा भाव सोडून सवा डॉलर केला. हजारो दुकानं, स्वतःची गोदामं असलेल्या कंपनीला एक डॉलर परवडला नाही. त्याच कंपनीने 2015 मध्ये फॅमिली डॉलर ही साखळी साडेआठ अब्ज डॉलरच्या आसपास मोजून घेतली आणि 2025 मध्ये साधारण एक अब्जाला विकली. कॅलिफोर्नियाच्या 99 सेंट्स ओन्लीने 2024 मध्ये आपली 371 दुकानं एकदम बंद करायला काढली, आणि ती 1982 मध्ये लॉस एंजलिसला एका दुकानापासून सुरू झालेली. ज्यांच्याकडे मजलाभर अकाउंटंट होते त्यांचं असं झालं. तुमच्या सासऱ्यांनी व्हॅन आणि वही एवढ्यावर 21 वर्षं काढली. हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. धंद्याचा माणूस सांत्वनापेक्षा आकडा लवकर ऐकतो.

बाकीचं त्यांना ठाऊकच असेल. न्यू जर्सीत किमान वेतन 2019 च्या सुरुवातीला तासाला 8.85 डॉलर होतं, 2024 मध्ये 15.13 झालं. सहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला थोडी सवलत आहे, तेवढीच. फोनवर मागवलेलं चिनी खेळणं बरीच वर्षं ड्यूटीशिवाय घरपोच यायचं, कारण 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला माफी होती. ती माफी चिनी मालासाठी 2025 च्या मे महिन्यात गेली. पण त्याच वर्षी दुकानातल्या मालावरही टॅरिफ, म्हणजे आयात कर, चढलं, त्यामुळे आपल्याला त्यातून काही मिळालं नाही.

मी हे सगळं लिहितेय, पण छोटी दुकानं गेली तर बिघडलं काय, असं कोणी म्हटलेलं मला सहन होत नाही. आमच्या दुकानात रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना एक बाई पोराचा हात धरून धावत यायची. उद्या शाळेत प्रोजेक्ट, घरात तीन घड्यांचा पुठ्ठा नाही. अर्धं शटर खाली आलेलं असायचं. हे शटर वर ढकलायचे, पुठ्ठा काढायचे आणि वर विचारायचे, "गोंद आहे का घरी?" दर आठवड्याला कोणीतरी असायचंच. आमच्या भागात डोमिनिकन लोक खूप, म्हणून संतांची चित्रं असलेल्या काचेच्या उंच मेणबत्त्या आम्ही ठेवायचो, कुठल्या संताची कधी लागते तेही शिकलो होतो. कोणी 80 सेंट मोजून ठेवले तर उरलेले 20 वहीत. साखळीच्या रजिस्टरला वही नसते. हे काम होतं आणि ते आम्ही नीट केलं.

आता तुमच्या हातातलं. पाच वर्षांच्या लीजवर सही करू देऊ नका, हे मी ठामपणे सांगते. त्या कागदात जवळजवळ नक्की पर्सनल गॅरंटी असेल. म्हणजे दुकान बुडालं तर भाडं त्यांच्या बचतीतून, कदाचित घरातून जाईल. भाड्याशिवाय कॅम (इमारतीच्या सामायिक जागेच्या देखभालीचा खर्च), प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स यांचा वाटा किती वाढतोय तेही बघा. आमच्या लँडलॉर्डने शेवटच्या नूतनीकरणात भाडं तेवढंच ठेवलं होतं आणि कॅममध्ये सगळं वसूल केलं. आम्ही पहिल्या पानावर खूश होऊन सही केली होती. वकिलाला दाखवा, त्याचे पैसे वाया जात नाहीत. अजून थोडे महिने हवे असतील तर महिन्या-महिन्याच्या करारावर राहता येतं का ते विचारा.

मग एका रविवारी वही घेऊन त्यांच्यासोबत बसा. बारा महिन्यांचा नफा काढा आणि त्याला त्यांनी उभं राहून घालवलेल्या तासांनी भागा. भागाकार त्यांनाच करू द्या. आमच्या घरी हे काम ह्यांनी केलं आणि आकडा आला तेव्हा मला दाखवला नाही, नुसती वही मिटून "जूनमध्ये" म्हणाले.

तुमच्याही बाबतीत जून चांगलाच आहे. ग्रॅज्युएशनचे फुगे जूनमध्ये जातात आणि फुग्यात मार्जिन असतं. मार्चपासून नवा माल फक्त पार्टीचा घ्या, बाकी रॅक रिकामे होऊ द्या. कोणी चालू दुकान विकत घेणार असेल, तर न्यू जर्सीत खरेदीदाराला व्यवहाराच्या किमान 10 कामाचे दिवस आधी टॅक्स खात्याला बल्क सेलची, म्हणजे धंदा एकगठ्ठा विकत घेत असल्याची, नोटीस द्यावी लागते, ते विसरलं की पुढे दोघांनाही त्रास. गोंडोला रॅकला, म्हणजे दुकानातल्या माल मांडायच्या उभ्या रॅकला, गिऱ्हाईक मिळतं, दुसरे दुकानदारच घेतात, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवा, जमिनीवर मांडलेला माल विकला जात नाही.

आणि सासूबाई रजिस्टरवर बसायच्या हे तुम्ही ओघात लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यात जड वाक्य वाटलं. त्यांच्या हातच्या भावाच्या पाट्या अजून रॅकवर चिकटलेल्या असतील. रॅक न्यायला माणसं येण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन, हेअर ड्रायरने टेप सैल करून, त्या काढा. ओढल्या तर फाटतात. हीलियमचा सिलिंडर भाड्याचा असेल, तो परत करून डिपॉझिट घ्या. आणि लँडलॉर्डला किल्ल्या द्यायला सासऱ्यांनीच जावं, सोबत मुलगा असावा.