ऑटोमॅटिकचं ऑइल दुसऱ्या कंपनीचं चालेल का?

प्रश्न : माझी सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक गाडी आहे. राहते कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. कंपनीची वॉरंटी संपून आता दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी सुरू झाली आहे. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला सांगितलं, पण कंपनीचं ऑइल स्टॉकमध्ये नाही म्हणतात आणि एस्टिमेटही भारी आहे. आमच्या गॅरेजवाल्याने नावाजलेल्या कंपनीचं, 'सगळ्या ऑटोमॅटिकना चालणारं' ऑइल सुचवलं. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतो, बाहेरचं ऑइल टाकलंत तर पूर्ण गाडीची वॉरंटी गेली. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिथे असं म्हणायला कायद्यानेच बंदी आहे. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा आणि सर्व्हिसच्या तक्त्याचं पान उघडा. गिअरबॉक्स ऑइलच्या ओळीत तुमच्या किलोमीटरखाली 'बदला' लिहिलंय की 'तपासा', ते बघा. पुष्कळ गाड्यांत या टप्प्यावर नुसती तपासणी असते आणि तरीही एस्टिमेटमध्ये ऑइल बदलणं येऊन बसतं. 'तपासा' असेल आणि गाडी गिअर बदलताना झटके देत नसेल, तर आज काहीच बदलू नका. फक्त त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत 'खडतर वापरा'चा वेगळा भाग असतो, तो चुकवू नका. घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, कळवा नाका, विटावा अशी रोजची रखडपट्टी म्हणजे खडतर वापरच. गाडी जागची हलत नाही, पण ऑइल तापत राहतं. त्या भागात दिलेला आकडा तुमच्यासाठी. आणि 'हे ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं कोणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा, की अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

समजा, बदलायचंच आहे. मग पुस्तकाच्या शेवटी ऑइलच्या मापांचं पान असतं, तिथलं गिअरबॉक्स ऑइलचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाचं एसपी-४, जनरल मोटर्सचं डेक्सरॉन ६, ही ऑइल कशी असावीत ते ठरवणाऱ्या स्पेसिफिकेशनची नावं आहेत. नावापुढे 'किंवा समतुल्य' असे शब्द आहेत का, तेही बघा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन शब्दांत आहे. रंगावर मात्र जाऊ नका. लाल रंग वरून घातलेला असतो, गळती कुठल्या ऑइलची आहे ते कळावं म्हणून. एकसारखी लाल दिसणारी दोन ऑइल आतून अगदी वेगळी असू शकतात.

ही वेगळी म्हणजे किती? डेक्सरॉन ३ हे जुनं ऑइल १०० अंश तापमानाला साधारण साडेसात सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) जाड असायचं. त्यानंतरचं डेक्सरॉन ६ सहाच्या आसपास आहे. नवे गिअरबॉक्स पातळ ऑइल गृहीत धरूनच बनवलेले आहेत. याच ऑइलच्या दाबावर गिअर पडतात, याच्यातूनच इंजिनाची ताकद पुढे जाते आणि आतल्या क्लच प्लेटा किती घट्ट धरायच्या तेही त्यातली रसायनं ठरवतात. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑइलमधून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग, आणि त्यातला लॉक-अप क्लच त्या दोघांना थेट जोडतो. ती रसायनं चुकली की हा क्लच धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. पाम बीच रोडवर पन्नास-साठच्या वेगाने, अॅक्सिलरेटर हलकाच दाबून निघालात की सीटखाली बारीक थरथर जाणवते, रंबल पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखी. पाय उचलला की थांबते. ही थरथर बहुतेक वेळा ऑइल टाकल्यावर लगेच येत नाही, काही हजार किलोमीटरनंतर येते. तोवर बिल हरवलेलं असतं आणि डबा भंगारात गेलेला असतो.

परवाच ओळखीच्या एका मेकॅनिक मुलाने असाच 'सगळ्यांना चालणारा' एक लिटरचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. पुढे ठळक अक्षरांत 'मल्टी व्हेइकल'. मागे चार बोटं जागेत कंपन्यांची आणि स्पेसिफिकेशनची नावं इतकी दाटून छापलेली, की आम्ही मोबाइलचा टॉर्च लावून वाचली. यादीच्या डोक्यावर एक ओळ होती : 'खालील ठिकाणी वापरण्यास योग्य'. ही ओळ ऑइल बनवणारा स्वतःच्या भरवशावर लिहितो. गाडी बनवणाऱ्याने दिलेलं अप्रूव्हल किंवा लायसन्स ही वेगळी गोष्ट. डेक्सरॉन ६ चं लायसन्स असेल तर डब्यावर 'जे' अक्षराने सुरू होणारा नंबर छापलेला असतो, या डब्यावर तो नव्हता. डेक्सरॉन ३ मात्र यादीत होतं. जनरल मोटर्सने त्याचं लायसन्स देणं २००६ संपताना बंद केलं. म्हणजे त्या नावाखाली आज जे विकलं जातं त्यामागे जनरल मोटर्सची कुठलीही मंजुरी नाही.

असं ऑइल वाईटच असतं, असं मी म्हणणार नाही. वॉरंटी संपलेल्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीत नावाजलेल्या कंपनीचं आणि त्या गाडीचं नेमकं स्पेसिफिकेशन छापलेलं ऑइल मी निर्धास्तपणे टाकीन. तुमची अडचण वॉरंटीची आहे.

तुमचा भाऊ बरोबर सांगतोय, पण ते तिथल्यापुरतं. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. 'आमच्याच ब्रँडची वस्तू वापरली नाही तर वॉरंटी रद्द' अशी अट त्या कायद्याने घालता येत नाही, ती वस्तू कंपनी फुकट देत असेल किंवा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने खास सूट दिली असेल तरच घालता येते. हा कायदा ठाण्यात लागू नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं त्यात बजावलं आहे. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, त्यामुळे आदेशाचा कागद दाखवल्याबरोबर काउंटरवर काम होईल, या आशेवर राहू नका. पण 'पूर्ण गाडीची वॉरंटी गेली' हे वाक्य मुकाट्याने ऐकूनही घेऊ नका. गिअरबॉक्सच्या ऑइलचा एसीशी काय संबंध? पॉवर विंडोशी काय संबंध? अशा तोंडी धमक्यांनी सामान्य माणूस घाबरतो आणि मागतील ते पैसे भरतो, याचा मला मनापासून राग येतो. वॉरंटीतल्या कुठल्या कलमाखाली म्हणताय, ते ईमेलवर कळवा, असं नम्रपणे सांगा. पुष्कळदा भाषा तिथेच मवाळ होते.

मात्र एक्स्टेंडेड वॉरंटीचं प्रकरण वेगळं. तो तुम्ही पैसे भरून केलेला स्वतंत्र करार आहे आणि त्याच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा अनेकदा कडक असतात. 'सर्व सर्व्हिस अधिकृत केंद्रातच, कंपनीच्याच ऑइलने' असं त्यात लिहिलेलं असेल, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससारख्या महागड्या भागावर जुगार खेळू नका. ऑइलमध्ये वाचतील काही हजार, गिअरबॉक्सचं बिल लाखांत जाईल. माझा सल्ला असा, की हे काम या दोन वर्षांत अधिकृत केंद्रातच करा. एका ठिकाणी स्टॉक नसेल तर वागळे इस्टेट, तुर्भे, नेरूळकडच्या दुसऱ्या केंद्रांना फोन करा. तेही जमलं नाही तर कंपनीच्या अधिकृत पार्ट विक्रेत्याकडून मूळ ऑइल बिलावर विकत घ्या आणि 'हे भरून द्याल का' असं केंद्राला विचारा. काही केंद्रं तयार होतात. तोवर ऑइल उपलब्ध नसल्याचं त्यांच्याकडून लेखी घेऊन ठेवा, म्हणजे सर्व्हिस उशिरा केल्याचा ठपका तुमच्यावर येणार नाही.

करारात तशी अट नसेल आणि बाहेर करायचंच ठरवलंत, तर कुठलं ऑइल याइतकंच ते किती आणि कसं भरलं हे महत्त्वाचं. खालचा बोल्ट काढला की जुनं ऑइल सगळं येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणजे नवं ऑइल जुन्यात मिसळणार. पुष्कळ नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, स्कॅनर लावून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आलं की लेव्हलच्या भोकातून बारीक धार येते की नाही, त्यावर पातळी ठरते. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. बाहेरच्या कामाची बदनामी होते ती बरीचशी या पातळीमुळे. गॅरेजवाल्याला विचारा, 'लेव्हल किती डिग्रीला बघणार?' उत्तर चटकन आलं नाही तर गाडी वळवा.

बिलावर ऑइलचं नाव, स्पेसिफिकेशन, लिटर, किलोमीटर आणि जीएसटी नंबर लिहून घ्या. सील फोडण्याआधी डब्याच्या दोन्ही बाजूंचा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. उरलेल्यातलं थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत भरा, तारीख घाला आणि कपाटात ठेवा. उद्या वाद झाला तर तुमच्या शब्दाला ही बाटली आधार देईल. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि गिअरबॉक्स उघडण्याआधी आतल्या ऑइलचा नमुना तुमच्यासमोर सील करायला लावा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे.

प्रश्न : माझी सीव्हीटी आहे. ऑइल थोडं कमी झालंय. गॅरेजात चांगलं लाल एटीएफ (साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल) आहे, पाव लिटर टाकलं तर बिघडेल का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : टाकू नका, पाव लिटरसुद्धा नाही. तुमच्या गिअरबॉक्समध्ये पोलादी पट्टा दोन पुलींच्या चिमटीत धरलेला असतो आणि पोलादाची पोलादावरची ती पकड टिकवणारं ऑइल वेगळं असतं. साध्या एटीएफने पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उठतात. मग दुरुस्ती बहुधा होत नाही, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागतो. सीव्हीटी ऑइलही सगळी एक नसतात : होंडाचं एचसीएफ-२ वेगळं, निसानचं एनएस-३ वेगळं. आणि गिअरबॉक्स बंदिस्त असताना ऑइल कमी झालं कुठून? ते आधी शोधा. वॉरंटी असेल तर गळती दुरुस्त करणं कंपनीचं काम आहे.

प्रश्न : पावसात वंदना डेपोजवळ गाडी पाण्यात अडकली. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ गुलाबी निघालं. मेकॅनिक म्हणतो, आधी स्वस्त एटीएफने आतून धुऊन काढू, मग कंपनीचं भरू. गाडी वॉरंटीत आहे.
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : धुवायलाही गाडीच्याच स्पेसिफिकेशनचं ऑइल वापरायला सांगा. वर म्हटलं तसं, कन्व्हर्टरमधलं ऑइल एका वेळी निघत नाही, म्हणजे ते स्वस्त ऑइल नंतर चांगल्यात मिसळून राहणार. पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी धाग्यांचं असतं, धातूवर चिकटवलेलं. ते पाणी शोषतं, फुगतं आणि सुटायला लागतं. ऑइल स्वच्छ झालं तरी हे नुकसान भरून निघत नाही.

पुराच्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, ते विम्याकडे मागायचं असतं. म्हणून मेकॅनिकचा हात लागण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरला ते गुलाबी ऑइल दाखवा. गाडी चालू करू नका, ओढून नेऊ नका, फ्लॅटबेडवर चढवून न्या. पॉलिसीत इंजिन-गिअरबॉक्सचं वेगळं संरक्षण घेतलंय का ते आजच तपासा, कारण त्याशिवाय असे क्लेम अनेकदा अडतात.

प्रश्न : माझी एएमटी आहे. गॅरेजवाला एटीएफ बदलायचे पैसे सांगतोय.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : देऊ नका. एएमटीचा गिअरबॉक्स हाताने गिअर टाकायच्या गाडीसारखाच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल जातं, जे पुस्तकात दिलंय ते. काही गाड्यांत त्या यंत्राचं स्वतःचं हायड्रॉलिक ऑइल वेगळ्या छोट्या डबीत असतं, त्याची पातळी मात्र अधिकृत केंद्रातच बघून घ्या.