मुलगा 17 वर्षांचा, आई 44ची, दोघांनाही पहिलं लायसन्स काढायचंय. गोव्यात ड्रायव्हिंग स्कूल लावावं की घरीच शिकावं?

ताई, मी डिचोलीची. 41व्या वर्षी कार शिकले, म्हणून आधी तुमचं सांगते. मुलाच्या स्कूटरचं नंतर.

कारसाठी स्कूल लावाच. नवऱ्याकडून शिकायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे तो प्रयोग दोन दिवस टिकला आणि दुसऱ्या रात्री जेवताना घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

पण स्कूल लावलं म्हणजे गाडी आली असंही नाही, हे मला जरा महागात कळलं. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. माझे मास्तर फार भले. "सवकास गो बाय, सवकास" म्हणत अर्धी गाडी तेच चालवायचे. मी मात्र खूश, माझी गाडी एकदाही बंद पडत नाही! लायसन्स आल्यावर घरची गाडी घेऊन पहिल्यांदा एकटी म्हापशाला निघाले. वाटेत एका चढावर पुढची बस थांबली, मीही थांबले. बस निघाली, मी क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा चालू केली तर मागे घसरायला लागली. आरशात बघते तर पोदेराची (पाववाल्याची) सायकल, मागे पावाची टोपली बांधलेली. हँडब्रेक कसाबसा ओढला. बिचाऱ्याने भोंपूसुद्धा वाजवला नाही, उतरून सायकल गटाराच्या कडेला घेतली. तेव्हा उमगलं की इतके दिवस चढावर क्लच कोणाच्या पायाखाली होता.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मास्तरांना स्पष्ट सांगा, दोन्ही पाय मागे घ्या. गाडी दहादा बंद पडू दे. आणि पैसे भरण्याआधी दिवस मोजू नका, तास मोजा. नियमाप्रमाणे कारचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं आणि त्यात किमान 10 तास प्रत्यक्ष गाडी चालवणं, म्हणजे रोज साधारण अर्धा तास स्टिअरिंग तुमच्या हातात. एका गाडीत तिघांना बसवून मागच्या सीटवरचा वेळही कोणी तुमच्या खात्यात धरत असेल तर ते स्कूल सोडा. चढावर हँडब्रेकवरून गाडी उचलणं (पणजीत आल्तिन्हो आहेच), अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की मागे घेणं, तिन्हीसांजेनंतर चालवणं आणि फेरीबोटीवर गाडी चढवणं, एवढं मागून घ्या. फेरी कोणी आपणहून शिकवत नाही, पण दिवाडी बेटावर सोयरे असतील तर तिच्याविना अडतं.

2021पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा वेगळा नियम आहे. तिथे कारसाठी 29 तासांचा अभ्यासक्रम असतो, त्यातले 21 तास प्रात्यक्षिक, आणि पास झाल्यास आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. जवळ असं केंद्र असेल तर जरूर विचार करा. साध्या स्कूलच्या प्रमाणपत्राने ही सूट मिळत नाही. तशी सूट देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

कागदपत्रांचं काम सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर होतं. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा फॉर्म 1ए लागतो, तो आधीच भरून घ्या. लर्निंग (शिकाऊ) लायसन्स 6 महिने चालतं आणि 30 दिवस झाल्यावर चाचणी देता येते. मधल्या काळात गाडीला पुढे-मागे 'एल'ची पाटी आणि शेजारी लायसन्सवाला माणूस हवा. केंद्राच्या नियमांत लर्निंगचे 150 आणि त्याच्या परीक्षेचे 50, पुढे चाचणीचे 300 आणि लायसन्सचे 200 असे दर आहेत. यापेक्षा फारच जास्त कोणी मागितलं तर कशाकशाचे ते विचारा.

आता मुलाचं. 16व्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन्स मिळतं हे खरं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. तुमच्या दारातली स्कूटर 110 नाहीतर 125 सीसीची असणार, ती त्यात बसत नाही. "गोव्यात सगळेच देतात" हे मीही ऐकलंय. ट्यूशनच्या वेळी कुठल्याही नाक्यावर उभं राहिलं की दिसतंच. पण 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोर रुसलं तर रुसू द्या. 18 पूर्ण झाल्यावर थेट गिअरच्या मोटरसायकलचं लर्निंग काढा. त्या लायसन्सवर स्कूटर चालवता येते, उलट मात्र होत नाही.

वेळेचं म्हणाल तर लर्निंग मे महिन्यात काढू नका. लगेच जून लागतो, लाल चिखल रस्त्यावर येतो आणि सहापैकी चार महिने शेजारचा माणूस "आज नको, पाऊस आहे" म्हणत राहतो. मी चतुर्थी आटोपल्यावर काढलं होतं.