शंका-समाधान : जोडणारा टॅग किती लहान असावा?

प्रश्न : दोन प्रथिने कायमची जोडण्यासाठी स्पायटॅग (एका प्रथिनाला लावायचा छोटा तुकडा) आणि स्पायकॅचर (दुसऱ्याला लावायचे, त्या टॅगला पकडणारे प्रथिन) ही जोडी वापरतात, असे आम्हाला एम.एस्सी.च्या वर्गात शिकवले. स्पायटॅग अवघ्या 13 अमिनो आम्लांचा असताना स्पायकॅचर शंभराहून अधिक अमिनो आम्लांचे का? तेही तितकेच लहान करता येणार नाही का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपण नेमक्या अडचणीवर बोट ठेवले आहे. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनात लायसिन व अस्पार्टिक आम्ल या दोन अमिनो आम्लांच्या पार्श्वशृंखला (मुख्य साखळीतून बाजूला निघणारे भाग) आपोआप जुळतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि आयसोपेप्टाइड बंध, म्हणजे पार्श्वशृंखलांमधला पक्का रासायनिक बंध, तयार होतो. ऑक्सफर्डमध्ये मार्क हॉवर्थ यांच्या गटाने या प्रथिनाचा तो भाग दुभंगून 2012 मध्ये ही जोडी मांडली. अस्पार्टिक आम्ल टॅगकडे गेले, लायसिन कॅचरकडे राहिले.

मात्र या दोघांना जुळवून आणणारे ग्लुटामिक आम्लही कॅचरमध्येच असते. त्याच्या जागी ग्लुटामिन घातले, तर बंध होतच नाही. शिवाय ही तिन्ही आम्ले योग्य अंतरावर धरून ठेवायला, आणि भोवतालचे पाणी दूर सारायला, नीट घडी पडलेला गाभा लागतो. म्हणून कॅचरच्या टोकांची सैल शेपटे छाटता येतात, गाभ्याला मात्र हात लावता येत नाही.

तरीही याच गटाने धाडस केले. 2014 मध्ये त्यांनी लायसिन असलेला तुकडाही वेगळा काढून 10 अमिनो आम्लांचा के-टॅग केला आणि उरलेल्या भागाला स्पायलायगेज हे नाव दिले. आता दोन्ही प्रथिनांवर लहानच टॅग राहिले. पण तीन तुकड्यांनी एकाच वेळी एकत्र यायचे असल्यामुळे जोडणी बरीच मंदावली. उलट 2019 चा स्पायटॅग003 हा 16 अमिनो आम्लांचा, म्हणजे मूळ टॅगपेक्षा लांब, आणि तरीही कितीतरी वेगवान आहे. माझ्या मते तीन अमिनो आम्लांची ही वाढ कोणीही आनंदाने स्वीकारावी.

आपल्या प्रयोगात नाजूक प्रथिनाला टॅग लावावा, दणकट प्रथिनाला कॅचर, आणि मध्ये ग्लायसिन-सेरिनचा लवचीक दुवा ठेवावा. मिश्रण एसडीएस (प्रथिनांची घडी उलगडणारे रसायन) घालून उकळून जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) चढवावे. दोन्ही प्रथिनांच्या पट्ट्यांच्या वर, म्हणजे अधिक मोठ्या आकाराच्या जागी, नवी पट्टी दिसली, तर बंध झाला. शेजारच्या रकान्यात अस्पार्टिक आम्लाच्या जागी अॅलनिन घातलेला टॅग जरूर चालवावा. तिथे ती पट्टी दिसता कामा नये.