किनाऱ्याने सायकल काढतोयस, तर आधी चढांचा विचार कर

नकाशात रस्ता समुद्राला चिकटून दिसतो, म्हणून तो सपाट समजू नकोस. कोकणात प्रत्येक खाडीपाशी रस्ता उतरतो आणि पलीकडे लगेच उभा चढतो. उतारावर मिळालेला वेग पुढच्या वळणातच संपतो. म्हणून मागच्या चाकाची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा संच, जास्त दातांची असू दे; सर्वांत मोठ्या चकतीला निदान ३४ दात हवेत. सामान कमी, कपडे दोन जोड पुरे.

दिवसाचं अंतर किलोमीटरवर नाही, जेट्टीवर ठरव. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींमुळे मोठे वळसे वाचतात. सायकल सहज चढते. पण संध्याकाळी शेवटची फेरी चुकली तर मुक्काम अलीकडेच, म्हणून वेळ आदल्या दिवशी गावात विचारून घे.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. दुपारनंतरचा वायव्येचा वारा बहुतेक वेळा पाठीशी राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे निघ, अकरानंतर सावली शोध. मीठ घातलेलं कोकम सरबत दिसेल तिथे पी, नुसत्या पाण्यावर पायात गोळे येऊ शकतात.

आणि पुळणीवर सायकल घालायचा मोह होईलच. घातलीस, तर त्याच रात्री गोड्या पाण्याने साखळी धुऊन, पुसून तेल दे. खारं पाणी फार लवकर गंज चढवतं.