रांगायचं कुणाकडे बघून?

"ताई, तिनं कधी कुणाला चालताना पाहिलंच नाही. मग चालणं म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात येणार कुठून?"

११ महिन्यांच्या लेकीला मांडीवर घट्ट धरून आई विचारत होती. मुलगी जन्मापासून पूर्ण अंध. बसते छान, पण रांगत नाही. सोबतच्या आजी म्हणाल्या, "हाक मारली की उलट गप्पच होते. दगडासारखी." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जन्मांध मुलांच्या आईवडिलांकडून ही काळजी मी नेहमी ऐकते.

मी आजींच्या बोलण्यापाशी थांबले. आवाज आला की डोळस बाळ वळून बघतं, हातपाय उडवतं. अंध बाळ पुष्कळदा थबकतं, कारण ते ऐकत असतं. आपल्याला वाटतं लेकरू विझलं, आणि ते नेमकं तेव्हा सगळ्यात जागं असतं. मी आजींना न बोलता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. बांगड्या किणकिणत गेल्या. मुलीचं अंग स्थिर होतं, पण चेहरा बांगड्यांमागे हळूहळू फिरत गेला. आई बघतच राहिली.

आपल्या डोक्याच्या मागल्या बाजूला मेंदूचा एक छोटा भाग आहे. काही हलताना दिसलं की तो चेततो. जन्मांधांमध्ये हाच भाग हलत्या आवाजांना प्रतिसाद देतो, असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांमध्ये तसं आढळलं नाही. इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी २००९ साली जन्मांधांना हातानं केलेल्या कामांचे आवाज ऐकवले. डोळस माणूस दुसऱ्याची कृती पाहतो तेव्हा मेंदूचं जे जाळं कामाला लागतं, तेच त्यांच्यातही लागलं. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत, हेही मी आईला सांगितलं. पण हालचाल समजायला आधी ती डोळ्यांनी पाहावीच लागते, ही भीती मात्र त्यांनी मनातून काढावी असं मला कळकळीनं वाटतं.

मग ती रांगत का नाही? तिला पुढे बोलावणारं काही नाही म्हणून. खेळणं दिसलं की डोळस बाळ त्याकडे झेपावतं. 'आवाज येतोय तिथे वस्तू आहे, हात लांबवला तर लागेल' हे कळायला अंध बाळाला साधारण पहिल्या वर्षाची अखेर लागते. त्यातच या घरात पडेल, लागेल म्हणून मुलगी सतत कुणाच्या तरी कडेवर.

बालरोगतज्ज्ञांची तपासणी आधीच झाली होती, दुसरी अडचण नव्हती. मी सांगितलं ते साधंच: उचलण्याआधी बोला. आईनं पाठीवर झोपून तिला छातीवर पालथं घ्यावं. खुळखुळा आधी तिच्या हातात द्या, मग वाजवत वाजवत वीतभर लांब न्या. टीव्ही बंद ठेवा. त्या गोंगाटात पावलं हरवतात. आणि आजी, बांगड्या काढू नका.

सात आठवड्यांनी फोन आला. मुलगी अजून रांगत नव्हती. पण दुपारी आजी स्वयंपाकघरात ताक घुसळत होत्या, आणि आमच्या छोट्या बाई बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत उंबऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या.