मज्जातंतू, चेतापेशी आणि हाडातली मज्जा

प्रश्न असा आहे: मज्जातंतू आणि चेतापेशी एकच का? आणि मज्जा तर हाडात असते, मग मेंदूच्या कारभारात ती आली कुठून?

एकच नाहीत. चेतापेशी ही एक सुटी पेशी. अशा असंख्य पेशींच्या लांब तंतूंची जुडी म्हणजे मज्जातंतू. 'मानेची नस दबली' म्हणतो तेव्हा दबलेली असते ती ही जुडी, रक्तवाहिनी नव्हे.

पायाचा अंगठा बाजूला सरकवणारी चेतापेशी घ्या. तिचा पेशीदेह, म्हणजे केंद्रक असलेला भाग, कंबरेच्या जरा वर, मेरुरज्जूच्या, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मऊ दोराच्या, खालच्या टोकाशी असतो. आकार फार तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याला फुटलेल्या बारीक फांद्या म्हणजे वृक्षिका. इतर पेशींचे संदेश मुख्यतः त्या झेलतात. कुणी 'पाठव' म्हणतं, कुणी 'थांब'. या सगळ्याची गोळाबेरीज होऊन संदेश पुढे सोडायचा की नाही, हे अक्षतंतूच्या, म्हणजे पेशीच्या लांब तंतूच्या, मुळाशी ठरतं. अक्षतंतू मात्र एकच, आणि तो थेट तळपायातल्या स्नायूपर्यंत जातो: जवळजवळ मीटरभर! स्नायूपाशी पोचल्यावरही दोघांत सूक्ष्म फट राहतेच. विजेचा संदेश तिथे थांबतो आणि ॲसिटिलकोलीन हे रसायन फट ओलांडून तो पोचवतं. पेशी एवढीशी आणि तिचा हात एवढा लांब, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता मज्जा. आयुर्वेदात ती सात धातूंपैकी एक, अस्थींची पोकळी भरून काढणारी. पाठीच्या कण्याच्या पोकळीतही तसाच मऊ ऐवज दिसतो, म्हणून मेरुरज्जूला मज्जारज्जू म्हणणं स्वाभाविकच. ग्रीकांनीही हेच केलं. त्यांच्या 'मायलॉस' शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत: ऑस्टिओमायलायटिस या हाडाच्या आजाराच्या नावात तो हाडाच्या मज्जेचा, पोलिओमायलायटिस या पोलिओच्या पूर्ण नावात मेरुरज्जूचा. अनेक अक्षतंतूंवर जे स्निग्ध आवरण असतं, त्याला 1854 मध्ये जर्मन वैद्यक फिरखो यांनी मायलिन म्हटलं तेही याच शब्दावरून. या आवरणामुळे संदेश टप्प्याटप्प्याने उड्या घेत जातो आणि जाड तंतूंत सेकंदाला 100 मीटरच्या आसपास वेग गाठतो.

आणखी एक गंमत. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायर यांनी 1891 मध्ये चेतापेशीसाठी 'न्यूरॉन' हे नाव रूढ केलं. तो मूळ ग्रीक शब्द आणि संस्कृत 'स्नायु' सख्खी भावंडं; दोहोंचा जुना अर्थ शरीरातली चिवट दोरी. बंगालीत स्नायू म्हणजे आजही नर्व्ह. मराठीत मात्र तो मसल झाला, म्हणून बंगाली किंवा हिंदी मजकुराचा अनुवाद करणाऱ्यांनी इथे जपावं.

माझं मत विचाराल तर पेशीसाठी चेतापेशी, जुडीसाठी मज्जातंतू आणि हाडातल्या ऐवजासाठी अस्थिमज्जा असं लिहावं. 'मज्जापेशी' टाळाच. अस्थिमज्जेतली रक्त घडवणारी पेशी की मेंदूतली, हे त्यावरून कळत नाही.